मध्ययुगीन ननची रहस्यकादंबरी लिहिताय? मग खून सगळ्यात शेवटी ठरवा

मध्ययुगीन युरोप, एक हुशार नन, राजदरबारातलं कारस्थान आणि एक खून, अशा कथा-कादंबऱ्यांचे मसुदे सध्या माझ्याकडे बरेच वाचायला येतात. लिहिणारे मेहनत घेतात, पण जवळजवळ सगळे एकाच ठिकाणी अडकतात. आधी खून ठरवतात, मग विष, मग खुनी, आणि मग त्या गोष्टीत नन आणून बसवतात. त्यामुळे होतं काय, की ती बाई मध्यरात्री मठातून निघते, राजवाड्यात शिरते, सरदाराची उलटतपासणी घेते, सकाळी परत येऊन प्रार्थनेला उभी राहते आणि तिला कोणी साधं विचारतही नाही की बाई रात्रभर होतीस कुठे. ती नन राहतच नाही, झगा घातलेली इन्स्पेक्टर होते.

ननच्या रहस्यकथेत मजा येते ती तिच्यावरच्या बंधनांमुळे. तिला काय करता येत नाही हे आधी पक्कं केलं की अर्धा प्लॉट आपोआप हाताला लागतो. म्हणून खालचा क्रम मोडू नका. उदाहरण म्हणून मी इंग्लंड आणि १२९० चा एप्रिल घेतलाय, कारण त्या महिन्यात दरबार खरोखरच एका मठात आला होता.

१. साल, महिना आणि राजा कुठे होता ते

‘तेराव्या शतकात’ एवढं चालत नाही, महिना हवा. त्या काळचा दरबार एका जागी बसून नसायचा, राजा फिरत राहायचा आणि त्याच्यासोबत कारकून, खजिना, स्वयंपाकी, कुत्रे, सगळं फिरायचं. म्हणून पहिलं काम म्हणजे राजा त्या महिन्यात कुठे होता ते शोधणं.

आपल्या उदाहरणात राजा पहिला एडवर्ड. १२८६ ते १२८९ तो फ्रान्समधल्या गॅस्कनीत होता. १२८९ च्या ऑगस्टमध्ये परत आला तर न्यायाधीशांविरुद्ध तक्रारींचा ढीग, त्याने चौकशी लावली, मोठमोठे न्यायाधीश अडकले. कॉमन प्लीज म्हणजे दिवाणी दाव्यांच्या कोर्टाचा मुख्य न्यायाधीश थॉमस वेलंड तर पळून फ्रान्सिस्कन साधूंच्या मठात लपला आणि १२९० मध्ये त्याला देश सोडावा लागला. हे सगळं ताजं असताना एप्रिलमध्ये राजा विल्टशरमधल्या एम्सबरीच्या मठात आला. तिथे त्याची आई, प्रोव्हान्सची एलेनोर, १२८६ पासून नन होऊन राहत होती. त्याची मुलगी मेरी पण तिथेच, सहाव्या वर्षी तिला तिथे दिलेली, आता अकरा वर्षांची. मुलगा एडवर्ड अजून सहाचाही नव्हता. तो वारस न ठेवता गेला तर गादी मोठ्या मुलीकडे जाईल, ही व्यवस्था त्या महिन्यात एम्सबरीला ठरली आणि ३० एप्रिलला दुसऱ्या मुलीचं, जोनचं, लग्न ग्लॉस्टरच्या बलाढ्य अर्लशी लागलं. कारस्थान बाहेरून आणायची गरजच नाही, सगळे एका छताखाली आहेत.

(आपल्याकडे ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे हेच वर्ष. काळ किती मागचा आहे याचा अंदाज यायला मला हे फार उपयोगी पडतं.)

तपासा: इंग्लंडमध्ये तेव्हा नवं वर्ष २५ मार्चला लागायचं. म्हणजे आपण ज्याला मार्च १२९० म्हणतो त्यातले २४ तारखेपर्यंतचे दिवस त्यांच्या हिशोबी १२८९ मध्येच. शिवाय कागदावर बहुतेक वेळा अमुक संताचा सण आणि राजाचं कितवं वर्ष असं लिहिलेलं सापडेल. एडवर्डचं अठरावं वर्ष २० नोव्हेंबर १२८९ ला सुरू झालं. तारखेवरून क्ल्यू देणार असाल तर इथेच हिशोब करून ठेवा.

तपासा: ईस्टर कधी होता? १२९० मध्ये २ एप्रिलला. म्हणजे १५ फेब्रुवारी ते १ एप्रिल उपासाचा काळ, मठात मांस, अंडी, दूध काही नाही. ईस्टर पौर्णिमेच्या पाठोपाठच्या रविवारी येतो, त्यामुळे मार्चच्या शेवटच्या दिवसांत किट्ट काळोखी रात्र लिहू नका.

२. दरबार खरा घ्या, मठ काल्पनिक

एम्सबरी खरा मठ आहे, त्याची माहिती उपलब्ध आहे, आणि तिथली प्रायोरेस, म्हणजे मठाची प्रमुख, खुनी निघाली असं लिहिलंत तर जाणकार वाचक तिथेच पुस्तक मिटतो. त्यापेक्षा दहा-पंधरा नन असलेला, गरीब, बेनेडिक्टाइन (संत बेनेडिक्टच्या) नियमाचा एक छोटा मठ स्वतः तयार करा, एम्सबरीपासून घोड्यावर दिवसाभरात पोहोचता येईल इतक्या अंतरावर. जवळच सॉल्झबरी, क्लॅरेंडनचा राजवाडा, विल्टनचा श्रीमंत मठ, हे सगळं एम्सबरीपासून १२-१५ किलोमीटरच्या आसपास आहे. नकाशा समोर ठेवा. सामान घेऊन घोड्यावर दिवसाला ४०-५० किलोमीटर धरा, त्यापेक्षा जास्त नको.

मग हिरोईनला काम द्या. नुसती ‘हुशार नन’ कोणाच्या उपयोगाची? कोठार सांभाळणारी असेल तर तिला हिशोब, भाडी, गावकरी, सगळं माहीत. आजारखोली सांभाळणारी असेल तर तिला प्रेत आणि औषधं कळतात. दारावरची असेल तर कोण कधी आलं-गेलं ते फक्त तिला माहीत. मी कोठारवालीच्या बाजूने आहे, कारण मठाच्या जमिनीचे वाद तिला पाठ असतात आणि कामासाठी बाहेर पडायचं खरं कारण तिच्याकडे असतं. आजारखोलीवाली सगळेच घेतात.

थांबा: मठाला फ्रान्समधल्या फाँतेव्ह्रोच्या पंथाचा करायचा मोह होईल, कारण तिथे मठप्रमुख अ‍ॅबेसचं राज्य पुरुषांवरही चालायचं. एम्सबरी त्याच पंथाचा. पण मग तुमच्या मठाला थेट फाँतेव्ह्रोच्या अ‍ॅबेसला उत्तर द्यावं लागेल, बिशपचा संबंध वेगळा होईल, आणि पहिल्याच कादंबरीत एवढा पसारा पेलत नाही.

३. तिला बाहेर कोण सोडतं?

सगळ्यात जास्त वेळ या टप्प्याला द्या. एक कागद घ्या, डावीकडे प्रत्येक सीन लिहा ज्यात नन मठाबाहेर आहे किंवा परक्याशी बोलतेय, आणि उजवीकडे तीन उत्तरं: परवानगी कोणी दिली, सोबत कोण आहे, परत कधी यायचंय. उजवी बाजू रिकामी राहिली तर तो सीन काढा.

नियम काय होते? १२८१ मध्ये लॅम्बेथला भरलेल्या चर्चच्या सभेत आर्चबिशप जॉन पेकमने ननच्या बाहेर राहण्यावर मर्यादा घातल्या: विरंगुळ्यासाठी, अगदी आईवडिलांकडे सुद्धा, तीन दिवसांपेक्षा जास्त नाही, आणि इतर कारणासाठी सहा दिवस. शिवाय सोबतीला दुसरी नन. आता बघा, रहस्यकथेला लागतं ते घड्याळ इथे आयतं मिळालं! सहा दिवसांत उकल झाली नाही तर तिला परत जावंच लागणार, आणि एकदा आत गेली की पुन्हा परवानगी मिळेल की नाही ते प्रायोरेसच्या हातात.

सोबतच्या ननचं पण सोनं करा. बहुतेक मसुद्यांत ती नुसती मागे चालते. ती प्रायोरेसची माणूस असू शकते, घाबरट असू शकते, दरबारातल्या कोणाची तरी भाची असू शकते. ती चोवीस तास सोबत आहे म्हणजे हिरोईनला काहीही लपवून करायचं असेल तर आधी तिच्यापासून लपवायला हवं.

संत बेनेडिक्टच्या नियमावलीतली चार प्रकरणं तरी स्वतः वाचा. ३३ वं, कोणाकडेही स्वतःची म्हणून काही वस्तू नसावी, अगदी लेखणीसुद्धा. ५४ वं, परवानगीशिवाय पत्र किंवा भेट घ्यायची नाही, घरच्यांकडूनही नाही. ४२ वं, रात्रीच्या शेवटच्या प्रार्थनेनंतर मौन. आणि ६७ वं, जे माझं सगळ्यात आवडतं आहे: प्रवासाहून परत आलेल्याने बाहेर जे पाहिलं-ऐकलं ते आत कोणाला सांगायचं नाही. म्हणजे तुमच्या ननने एम्सबरीत काय पाहिलं हे ती परत आल्यावर मैत्रिणीला सांगू शकत नाही, सांगितलं तर तिने नियम मोडला आणि सकाळच्या सभेत सगळ्यांसमोर तिला त्याचा जाब द्यावा लागेल.

थांबा: १२९८ मध्ये पोप आठव्या बोनिफेसने ननना कायम मठाच्या आतच ठेवायचा कडक हुकूम काढला. इंटरनेटवर वाचून तो हुकूम कुठल्याही सालात टाकलेला मी वारंवार बघते. १२९० च्या गोष्टीत तो नाही, १३०५ च्या गोष्टीत आहे. आणि हुकूम असूनही राजाची मुलगी मेरी नन असताना दरबारात येत-जात राहिली, फासे खेळायची, तिचं कर्ज बापाने फेडलं. नियम कोणासाठी वाकतो आणि कोणासाठी नाही, हा फरक तुमच्या गरीब मठातल्या ननला रोज टोचायला हवा, कादंबरीला धार त्यानेच येते.

४. भांडण कशाचं आहे ते ठरवा

अजूनही खून नाही, धीर धरा. दरबारी कारस्थान म्हटलं की लोक ‘सत्तेसाठी’ एवढं लिहून मोकळे होतात. सत्ता म्हणजे नेमकं काय? कुठली जमीन, कोणाचा वारसा, कुठली नेमणूक?

मठाशी थेट जोडलेला आणि माझ्या मते सगळ्यात ताकदीचा मुद्दा हा, की शपथ घेऊन नन झालेली बाई इंग्लिश कायद्याच्या नजरेत मेलेली धरली जायची. तिला वारसा मिळत नाही. म्हणजे बापामागे एकुलती एक मुलगी असेल, तिच्या नावावर मोठी जमीन येणार असेल, तर काकासाठी तिला मारण्यापेक्षा तिला नन करणं सोपं. पण चर्चच्या कायद्याने मुलीची शपथ पक्की धरायला तिचं वय निदान बारा हवं. राजकन्या मेरीला १२८५ मध्ये सहाव्या वर्षी मठात दिलं तरी रीतसर शपथ १२९१ मध्ये झाली ती त्यामुळेच. आता प्रश्न उभा राहिला: मुलीने शपथ घेतली त्या दिवशी ती अकराची होती की बाराची? जन्माचा दाखला नावाची वस्तू नाही. वारसाच्या वयाचा वाद झाला की गावातली माणसं शपथेवर सांगायची, ती जन्मली त्या वर्षी माझं घर जळालं, त्या आठवड्यात माझ्या मुलाचं लग्न झालं, वगैरे. म्हणजे बारा साक्षीदार, बारा आठवणी, आणि त्यातली एक खोटी. तुमच्या तपासाचा सांगाडा तयार.

दुसरे पर्यायही आहेत. मठाची प्रमुख वारली की मठाचा आश्रयदाता, कधी स्वतः राजा, मधल्या काळात मठाचं उत्पन्न घेऊ शकायचा, म्हणून निवडणूक लांबवण्यात पैसा होता. किंवा राजा आपल्या म्हाताऱ्या नोकरांना आयुष्यभर पोसायला मठावर पाठवायचा, असा एक पाहुणा हेर असू शकतो. पण एकच मुख्य भांडण घ्या.

५. कागद, शिक्का, किल्ल्या

भांडण ठरलं की त्याचा पुरावा कुठे ठेवलाय ते ठरवा. बेनेडिक्टच्या नियमावलीच्या ५८ व्या प्रकरणात लिहिलंय, की शपथ घेणारी व्यक्ती आपला अर्ज स्वतःच्या हाताने लिहून, आणि लिहिता येत नसेल तर दुसऱ्याकडून लिहवून त्यावर स्वतः खूण करून, तो वेदीवर ठेवते. पुढे ती मठ सोडून गेली तरी तो कागद तिला परत मिळत नाही, मठाकडेच राहतो. ही ओळ वाचल्यावर मी तर उठून उभी राहिले होते. वारसदार मुलीच्या शपथेचा तो चर्मपत्राचा तुकडा मठाच्या पेटीत आहे. त्यावरची खूण तिची आहे का? संताचा सण कुठला लिहिलाय? त्या सणाच्या दिवशी ती मठात तरी होती का? कोठाराच्या हिशोबात त्या दिवशी किती जणींचं जेवण लिहिलंय? कोठारवाली हिरोईन हवी ती याच्यासाठी.

हा तपास घाईत उरकू नका. तिला पेटी उघडताना दाखवा, मठाचा शिक्का असलेली पेटी बहुधा एकीच्या किल्लीने उघडत नाही, दोन-तीन जणींच्या वेगवेगळ्या किल्ल्या एकत्र लागतात. म्हणजे एकटीने चोरी शक्यच नाही, कोणीतरी सामील आहे. चर्मपत्रावरची शाई चाकूने खरवडून पुसता येते पण तिथला पृष्ठभाग खरखरीत होतो, बोट फिरवलं की कळतं, आणि मेणबत्ती मागे धरली की पातळ झालेली जागा उजळ दिसते.

तपासा: १२९० च्या इंग्लंडमधल्या छोट्या मठात कागद नको, चर्मपत्र हवं. कच्च्या नोंदींसाठी मेणाच्या पाट्या चालतील. चष्मा नको, तो त्याच सुमाराला इटलीत नुकता येत होता.

६. आता मृत्यू

इथपर्यंत आलात की कोण मरायला हवं ते तुम्हाला कळलेलं असतं: जिच्याकडे तिसरी किल्ली होती ती, किंवा जिला मुलीचं खरं वय माहीत होतं ती दाई.

प्रेत सापडलं की पुढे काय होतं ते नीट लिहा. कॉरोनर हा संशयास्पद मृत्यूची चौकशी करणारा अधिकारी इंग्लंडमध्ये ११९४ पासून आहे. (मुंबईतही १९९९ पर्यंत कॉरोनर होता, पण त्याच्या कोर्टाचं चित्र डोक्यातून काढा.) प्रेत ज्याला पहिल्यांदा दिसलं त्याने आरडाओरडा करून आसपासच्यांना बोलवायचं, कॉरोनर येईपर्यंत प्रेत पुरायचं नाही, मग तो आजूबाजूच्या गावांतल्या पुरुषांना जमवून, प्रेत उघडं करून, जखमांची लांबी-खोली मोजून नोंद करतो. हत्याराची किंमतसुद्धा लिहितो, ती राजाच्या खात्यात जाते. शवविच्छेदन नाही. आता मठाची अडचण बघा: एका ननचं उघडं प्रेत गावातल्या पुरुषांसमोर ठेवायचं? प्रायोरेस गुपचूप पुरायला बघणार, आणि तेच तिच्यावर संशयाचं कारण होणार.

विषाबद्दल थोडक्यात. बचनागाच्या जातीची झाडं, खुरासानी ओवा, बेलाडोना हे तिकडे होतं. पण त्या काळी विष ‘सिद्ध’ करता येत नाही हे लक्षात ठेवा. ननने वास घेऊन ‘हे अमुकच विष’ म्हटलं की वाचकाचा विश्वास उडतो. तिने लक्षणं बघावीत, पेला कोणी भरला ते विचारावं, आणि खात्री नसतानाच पुढे जावं.

थांबा: छळ करून कबुली काढणारा दरबारी अधिकारी नको. इंग्लंडच्या साध्या फौजदारी कायद्यात ते चालत नव्हतं. तापलेलं लोखंड हातात धरायला लावून दिव्य करणंही नको, चर्चच्या १२१५ च्या लॅटरन परिषदेने पाद्र्यांना त्यात भाग घ्यायला बंदी घातल्यावर ते बंद पडलं.

७. घंटांचं वेळापत्रक

मठात तासांनी नाही, प्रार्थनांनी दिवस कापलेला असतो. मध्यरात्रीनंतरची मॅटिन्स, पहाटेची लॉड्स, मग प्राइम, टर्स, सेक्स्ट, नोन, संध्याकाळची व्हेस्पर्स आणि झोपायच्या आधीची कंप्लिन. एप्रिलमध्ये तिकडे दिवस मोठा होत चाललेला असतो, संध्याकाळी सातपर्यंत उजेड. म्हणजे ‘व्हेस्पर्सनंतरच्या अंधारात’ असं लिहिलंत तर चुकलं.

तीन दिवसांचा तक्ता करा: खुनाचा आदला दिवस, खुनाचा दिवस, नंतरचा. प्रत्येक प्रार्थनेला कोण हजर, कोण गैरहजर, गैरहजेरीचं कारण काय. सगळ्यांची अलिबाय इथेच तयार होते, कारण प्रार्थनेत रिकामी जागा सगळ्यांना दिसते. खुन्याला वेळ मिळतो तो दोन घंटांच्या मधे, आणि तो वेळ चालून बघा, खरंच घरात किंवा गच्चीवर चालून बघा, कोठारापासून चॅपेलपर्यंत जायला किती वेळ लागेल ते. कंप्लिननंतर मौन असल्यामुळे रात्री ऐकलेली गोष्ट कोणी सकाळपर्यंत सांगू शकत नाही, किंवा खुणांनी सांगते आणि समोरची चुकीचा अर्थ लावते. हे वापरलंच नाही तर मठ कशाला घेतला?

८. शेवट: तिला आरोपच करता येत नाही

सगळे मसुदे इथे कोसळतात. दरबार भरलाय, नन उभी राहते, बोट दाखवते, ‘हाच तो खुनी’. १२१५ च्या मॅग्ना कार्टाचं ५४ वं कलम सांगतं, की बाईच्या फिर्यादीवर कोणालाही खुनासाठी पकडता येणार नाही, फक्त तिच्या नवऱ्याचा खून असेल तर. ननला नवरा नाही. तिचं म्हणणं कोर्टात पोहोचायचं तर ते कोणा पुरुषाच्या तोंडून, गावकऱ्यांच्या ज्युरीकडून किंवा थेट राजाच्या कानावर जायला हवं.

म्हणून आधीच ठरवा की तिचा आवाज कोण होणार. माझा कल राजमाता एलेनोरकडे. ती नन आहे पण पोपच्या परवानगीने स्वतःच्या जहागिरीचं उत्पन्न राखून आहे, राजाची आई आहे, आणि त्या महिन्यात मुलगा तिच्या दारात आलाय. तुमच्या ननला सहा दिवसांत त्या एका म्हाताऱ्या बाईला पटवायचंय, बस. क्लायमॅक्स दोन बायकांच्या बोलण्यात घडू द्या, एकीच्या हातात चर्मपत्राचा तुकडा आणि दुसरीच्या हातात राजाचा कान.

खुनी पळून चर्चमध्ये शिरला तर ४० दिवस त्याला कोणी हात लावत नाही. मग त्याने गुन्हा कबूल करून देश सोडायची शपथ घ्यायची आणि सांगितलेल्या बंदराकडे चालू लागायचं. न्यायाधीश वेलंडचं त्याच वर्षी काय झालं ते वर आलंच आहे. फाशीपेक्षा हा शेवट जास्त अस्वस्थ करतो.

थांबा: पाद्रीने ऐकलेलं कबुलीजबाबातलं गुपित तो ननला सांगतो, हा शॉर्टकट नको. त्याच १२१५ च्या परिषदेने असं गुपित फोडणाऱ्या पाद्रीला पदावरून काढून आयुष्यभर कडक मठात प्रायश्चित्त घ्यायला पाठवायचं ठरवलं होतं. त्याने सांगायचंच असेल तर ती किंमत मोजताना दाखवा.

९. बोलणं कसं असावं

वरच्या घरांतून आलेल्या नन आपसात अँग्लो-नॉर्मन फ्रेंच बोलायच्या, नोकर आणि गावकरी इंग्लिश, कागद बहुतेक लॅटिन. मराठीत हा फरक दाखवायचा तर ननचं आणि दरबाराचं बोलणं सरळ, स्वच्छ ठेवा आणि गावकऱ्यांचं थोडं मोकळं. गावकऱ्यांना आपल्याकडची एखादी बोली देऊ नका, वाचक लगेच सातारला पोहोचतो. ननने ननला ‘तू’ म्हणायला हरकत नाही, प्रायोरेसला मात्र ‘तुम्ही’ आणि ‘मदर’ किंवा ‘डेम’. राजमातेला ‘मॅडम’ चालेल, ‘महाराणीसाहेब’ नको, पैठण्या आणि चवऱ्या डोळ्यांसमोर येतात. ताटात बटाटा, टोमॅटो, मिरची, मका काही नाही. वाटाणे, कडधान्यं, पाव, खारवलेला मासा, एल (एक प्रकारची बिअर).

मसुदा पूर्ण झाला की प्रिंट काढा आणि दोनच खुणा करत वाचा. नन जिथे दार ओलांडते तिथे एक, आणि तिला जिथे नवी माहिती मिळते तिथे दुसरी. पहिल्या खुणेशेजारी परवानगी देणाऱ्याचं नाव लिहा, दुसरीशेजारी माहिती देणाऱ्याचा त्यात काय फायदा होता ते लिहा. जिथे लिहायला काही सुचत नाही तेवढीच पानं पुन्हा लिहायला घ्या, बाकीच्यांना हात लावू नका.